दादाने सोडलेली पिल्लं

११ जानेवारी

ठमे,

पाकिटावरचं अक्षर बघून फाडायला घेतलं असशील तर थांब. पैसे मागायला लिहीत नाहीये आणि कोणी गेलेलंही नाही. तू फोनचा नंबर बदललास ते बरंच केलंस, मला तसंही फोनवर भांडता येत नाही, समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय भांडणाला चव नाही. पत्ता तुझ्या जुन्या घरमालकिणीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला फार पिडलं.

बातमी अशी की ग्रह सापडलाय. तू म्हणशील, त्यात काय, टोपलीभर सापडतात. हा तसा नाही. एक लहानसा तांबडा तारा आहे, फार लांबचा नाही. हा ग्रह त्याच्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, आणि तेवढ्या वेळात तोच उजेड ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन आपल्याकडे येतो. त्या उजेडात प्राणवायूची खूण आहे आणि मिथेनचीही. तुला ठाऊकच आहे, ही दोघं एका घरात फार दिवस नांदत नाहीत, एकमेकांना संपवून टाकतात. कोणीतरी सतत नव्याने भरत असेल तरच दोन्ही टिकतात. ते कोणीतरी म्हणजे काहीतरी जिवंत, असं इथे सगळे कुजबुजत बोलतात, मोठ्याने बोललं तर पळून जाईल अशा बेताने.

संचालकबाईंचे पाय जमिनीवर नाहीत. तारा आता सूर्याच्या आड गेलाय, जूनपर्यंत कोणालाच दिसायचा नाही. जूनमध्ये त्या दुसऱ्या गटाची दुर्बीण पहिली तिकडे वळेल, म्हणून बाईंना काही झालं तरी मार्चमध्ये जाहीर करायचंय. अर्थात आधी उघडणी व्हायला हवी. ती फेब्रुवारीत आहे.

तुझा बाप बरा आहे. जरा वाळलाय. परवा दूध शेगडीवर ठेवून फिरायला निघून गेला, भांड्याचा कोळसा झाला, पण ते माझ्याकडूनही होतं. तुझं नाव काढत नाही. तूही त्याचं काढत नसशीलच, दोघं एकाच माळेचे मणी.

तुझी
आत्या

३ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस. चालेल. मी बोलते, तू फुरंगटून ऐक.

काल उघडणी झाली. त्याच खोलीत. ते आता बोलूनच टाकते, नाहीतर ते आपल्या दोघींच्या मध्ये ठाण मांडून बसेल. दुर्बिणीकडून आलेला उजेड आधी दादाच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या, यंत्रात उतरतो आणि मग आमच्याकडे येतो. मधल्या मध्ये दादाने वाटेल त्या ताऱ्यात एखादा खोटा ग्रह घालून ठेवायचा, कोणाला सांगायचं नाही. दादाने पिल्लू सोडलं, असं आपण म्हणायचो. का, तर शोधणारी माणसं हावरट असतात, त्यांना नसलेलंही दिसायला लागतं. समोरचा ग्रह दादाचं पिल्लू निघू शकतो ही धास्ती असली की माणूस दहा वेळा तपासतो. सगळा शोधनिबंध लिहून झाला की सगळ्यांसमोर दादाने उभं राहायचं आणि ‘माझं आहे’ किंवा ‘माझं नाही’ एवढंच म्हणायचं. नियम त्यानेच घातलेला, आणि इतक्या वर्षांत त्याच्या शब्दावर कोणी बोट ठेवलेलं नाही, म्हणून तर निवृत्तीचं वय उलटूनही त्याला कोणी सोडत नाही.

तुझा पहिला ग्रह त्याचं पिल्लू निघाला. कितीतरी महिने तू जेवताना त्याच्याचसमोर बसून त्या ग्रहाबद्दल बोलत होतीस, आणि तो मीठ पुढे सरकवत ‘छान, छान’ म्हणत होता. मग भर सभेत ‘माझं आहे’. मी त्याला त्याच संध्याकाळी झापलं होतं, अरे, निदान पोटच्या पोरीला आदल्या दिवशी सांगायचंस. तर म्हणाला, नियम म्हणजे नियम. तू बॅग भरलीस, मी तुझ्या जागी असते तर त्याचीही भरून रस्त्यावर ठेवली असती.

असो. काल त्याने आपली फाईल उघडून सगळ्यांना दाखवली. त्या ताऱ्यापुढे काही नोंद नाही. मग उभा राहिला, शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि म्हणाला, “माझं नाही.” खोलीत जो काय गलका झाला. बाईंनी धावत येऊन मला मिठी मारली.

हो, मला. ग्रह मला सापडलाय, ठमे. मागच्या पत्रात लिहायचं टाळलं, तुला लागेल म्हणून. निवृत्तीला वर्ष उरलं असताना. जन्मभर दुसऱ्यांच्या ग्रहांच्या वेळा मोजत बसले, कितव्या मिनिटाला तो ताऱ्यासमोर आला, कितव्याला गेला, आणि आता हा माझा. मला तुला सांगावंसं वाटलं, दुसरं सांगणार कोणाला.

एक बारीकशी गोष्ट. जिना उतरताना दादाने मला हळूच विचारलं, आज कशाची उघडणी होती? मी म्हटलं, चेष्टा पुरे. तो हसला. म्हणजे चेष्टाच असणार.

आत्या

२० फेब्रुवारी

ठमे,

आज खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून आधी कडक चहा पिऊन घेतला.

दोन पत्रं मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. दादा बरा नाही. दूध एकदा नाही, पुन्हा पुन्हा जळतंय. हल्ली मी शेगडीची बटणं उपटून पर्समध्ये टाकते आणि मगच कामाला निघते. त्याच्या मोज्यांच्या खणात मला चष्मा आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद मिळालं. कोपऱ्यावर एक शिंपी आहे, त्याला हा रोज विचारतो, नवीन दुकान वाटतं, कधी उघडलंत? शिंपी बिचारा रोज सांगतो. पण ऑफिसात पाऊल टाकलं की पाठ ताठ, बोलणं मोजूनमापून, शंका घ्यायला जागा नाही. घरी आला की मात्र खुर्चीत असा कोसळतो की त्याचे बूटही मलाच काढावे लागतात.

आता जे लिहितेय ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. ऑक्टोबरात एक फुटकळ ग्रह निघाला होता. दादाने फाईल बघितली आणि ‘माझं नाही’ म्हणाला. दोन दिवसांनी टॉवेल गुंडाळलेला, अंगावर साबण तसाच, न्हाणीघरातून बाहेर आला. म्हणाला, अगं, ते माझंच होतं, फाईलमध्ये लिहायचं राहिलं. मला हसूच आलं. ग्रह तसाही किरकोळ होता, मी काहीतरी खुसपट काढून तो यादीतून उडवला आणि गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता ती मूठ माझ्याच गळ्याशी आलीय. फाईलमध्ये नोंद नाही याचा अर्थ काय? काहीच नाही. त्याच्या यंत्रात शिरण्याआधीचा मूळ उजेड महिन्याभरात पुसला जातो, साठवायला जागा पुरत नाही, त्यामुळे मागे जाऊन ताडून बघायची सोय नाही. सगळा कारभार दादाच्या शब्दावर, आणि त्या शब्दाची अवस्था मला एकटीला माहीत आहे.

ऑफिसात सगळे म्हणतात, दादा हवा कधी घालत नाही, त्याची पिल्लं नुसता उजेड कमी करतात. खरंय. पण गेल्या उन्हाळ्यात खिडकीत नखं कापता कापता तो म्हणाला होता, “एकदा हवेसकट सोडून बघायला पाहिजे. प्राणवायू दिसला की ही शहाणी माणसं आंधळी होतात.” तेव्हाही मी हसलेच होते. मला भलत्या वेळी हसायची खोड आहे.

आणखी ऐक. प्राणवायूचं प्रमाण मी पुन्हा काढलं. आपल्या हवेत आहे जवळपास तेवढंच येतंय. बाई त्याच्यावर लट्टू, दुसरी पृथ्वी म्हणून नाचतायत. मी मात्र तो आकडा पुन्हा पुन्हा ताडून बघत बसले. घरबसल्या हवा बनवायची तर माणूस हाताशी असलेलीच कृती घेणार ना.

मग बोलत का नाहीस, असं तू विचारशील. बोलले तर दादा दुसऱ्या दिवशी घरी बसेल, आणि घरी बसला की संपेल, त्याला उभं ठेवणारं तेवढं एकच काम आहे. हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. दुसरं कारण असं की ग्रह माझा आहे आणि मला तो हवाय. रात्रंदिवस हवाय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

तू ये ना. तू आलीस तर मला बोलायचं बळ येईल.

आत्या

५ मार्च

ठमे,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आज सकाळी दादा टेबलाशी बसून उकडलेली अंडी सोलत होता. जाहीर करायच्या दिवशी मला बोलायचंय, ते भाषण मी त्याला वाचून दाखवत होते. त्याने मान वर न करता विचारलं, “चौथ्या फेरीला उशीर घातलाय, तो सापडला का?”

मी म्हटलं, कसला उशीर.

“सहा मिनिटांचा. म्हणजे तुला वाटणार, शेजारी अजून एक ग्रह आहे आणि तो याला ओढतोय. तू लोभी आहेस. तू कोणाला सांगणार नाहीस, पुढच्या निबंधासाठी ठेवशील.”

ठमे, मी तेच केलंय. चौथ्या फेरीला ग्रह सहा मिनिटं उशिरा आला हे मी डिसेंबरातच पाहिलं आणि कोणाला बोलले नाही. वेळा मोजणारी मी एकटी. निबंधात सगळ्या फेऱ्यांची सरासरी दिलीय, तिच्यावरून कोणालाही काही कळणार नाही. तो उशीर दोनच माणसांना माहीत असू शकतो. एक, ज्याला तो दिसला. दुसरा, ज्याने तो घातला.

मी हातातले कागद खाली ठेवले आणि सरळ विचारलं, दादा, तो ग्रह तुझा आहे ना? त्याने अंड्यावर मीठ भुरभुरलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कुठला ग्रह? नाटक नव्हतं ते. त्याचे डोळे मी लहानपणापासून ओळखते.

म्हणजे माझा ग्रह नाही. तिथे काही नाही, ना हवा, ना पाणी, ना जिवंत कोणी. जाहीर करायचा दिवस बारा तारखेचा ठरलाय. मी उद्या बाईंकडे जाते.

आत्या

७ मार्च

ठमे,

गेले होते. बाईंच्या खोलीत नवा गालिचा आला आहे, त्यावर बूट काढून जावं की घालून, यातच माझा अर्धा धीर संपला.

सगळं सांगितलं. दूध, टॉवेल, ऑक्टोबरातलं पिल्लू, नखं कापतानाचं बोलणं, चौथी फेरी. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्या वाईट नाहीत, हे लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल मी त्यांना पाण्यात पाहते. मग त्या म्हणाल्या, “तुमचंच म्हणणं की दादांचा शब्द आता भरवशाचा राहिला नाही. आणि त्यांच्याच शब्दावर तुम्ही ग्रह खोटा म्हणता. मी कुठला शब्द धरू?”

मी म्हटलं, उशिराचं त्याला कसं कळलं? तर म्हणाल्या, एका घरात राहता, एका टेबलावर जेवता, कधी बोलून गेला असाल. आणि अगदी हळू आवाजात, तो उशीर तुम्ही आम्हालाही सांगितला नव्हता, नाही का? मी मान डोलावली. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मी म्हटलं, जूनपर्यंत थांबा, तेवढंच करा. त्या म्हणाल्या, जूनमध्ये ग्रह खरा निघाला तर तो त्या दुसऱ्या गटाचा होईल, आणि आपली दुर्बीण बंद करायची वेळ येईल, वरून तसं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे त्यांनाही तो हवाच आहे. मला दरवाजापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, एवढं मोठं यश अंगावर आलं की माणूस घाबरतो, तुम्ही दोन दिवस विश्रांती घ्या.

मी विश्रांती घेणार नाही. भाषण मलाच करायचंय, माईक माझ्याच हातात येणार आहे. दादाची अब्रू जाईल. मी त्याला काल समोर बसवून सांगितलं, दादा, मी असं असं सगळ्यांसमोर बोलणार आहे. त्याने माझा हात थोपटला आणि म्हणाला, नियम म्हणजे नियम.

आत्या

१३ मार्च

ठमे,

पेपरात वाचलंच असशील. पेपरात माझ्याबद्दल एकच ओळ आहे, तीही सभ्य. त्यात काय घडलं ते नाही, म्हणून मी सांगते.

मोठं सभागृह, खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे. पडद्यावर ग्रहाचं चित्र, निळा समुद्र, पांढरे ढग, सगळं चित्रकाराच्या मनातलं. पहिल्या रांगेत दादा, मी इस्त्री केलेल्या शर्टात. बाई बोलल्या, मग मला बोलावलं. भाषणाचा कागद मी घडी करून पर्समध्येच ठेवला होता.

मी म्हटलं, “हा ग्रह नाही. माझ्या भावाने तो घातलाय, आणि आता त्याला ते आठवत नाही.”

तुला काय वाटतं, आरडाओरडा झाला? काही नाही. कोणीतरी खोकलं. सगळ्यांच्या माना हळूहळू पहिल्या रांगेकडे वळल्या. दादा उठला. गळ्याचं बटण लावलं. आवाज तोच, तुला आठवतो तो.

“माझं नाही,” तो म्हणाला. आणि खाली बसण्याआधी, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं, आणखी एक वाक्य बोलला. “माझी बहीण फार दमली आहे.”

टाळ्या पडायला लागल्या. आधी मागून, मग सगळीकडून. इतकी वर्षं ज्याचा शब्द खोटा पडला नाही त्याचं ऐकायचं, की ऐन वेळी घाबरलेल्या म्हातारीचं? मी खुर्चीत असते तर मीही त्याच्यासाठीच टाळ्या वाजवल्या असत्या. बाईंनी माझ्या हातातला माईक काढून घेतला, तोही इतक्या मायेने की मी दिला. एकीने पाणी आणलं. एकीने माझी चप्पल सरळ करून दिली. मला कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

दादा खोटं बोलला नाही. एवढं मी तुला शपथेवर सांगते. त्याच्यापुरतं ते खरंच होतं, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते. टॅक्सीत त्याने माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली आणि घरापर्यंत माझा हात सोडला नाही. म्हणाला, मी आहे ना, काळजी करू नकोस.

मला रजेवर पाठवलंय. डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय परत यायचं नाही. दाखला माझा, त्याचा नाही.

आत्या

२ एप्रिल

ठमे,

या पत्राचं उत्तर मला पाहिजे. रुसवा, राग, जे काय असेल ते नंतर, हवं तर जन्मभर.

दादा सुधारलाय. हसू नकोस. त्याला माझी काळजी घ्यायचं काम मिळालंय आणि त्याने तो तरतरीत झालाय. वेळेवर उठतो, मला गोळ्या काढून देतो, पडदे सरकवतो. शेगडीची बटणं आता त्याच्या खिशात असतात. मी मागितली तर म्हणाला, तू विसरतेस गं, मागे दूध किती वेळा जाळलंस. मी म्हटलं, दादा, ते तू जाळलंस. त्याने वाद घातला नाही, आजाऱ्याशी घालत नाहीत तसा. कोपऱ्यावरच्या शिंप्याने काल मला थांबवून विचारलं, आता कसं वाटतंय ताई? त्यालाही सांगून झालंय. दादा त्याच्याशी रोज बोलतो, त्यामुळे शिंप्याला सगळं पाठ आहे.

आणि मी? रोज ती अंड्यांची सकाळ मनात पुन्हा उभी करते. तो बोलला तेव्हा मी भाषण वाचत होते. की मीच आधी उशिराचं काही बोलून गेले होते? आदल्या आठवड्यात कधी, भांडी घासताना? मी बोलत असते, घरभर बोलत असते, तुला माझी सवय माहीत आहे. रोज आठवलं की ते थोडं वेगळं निघतं. इथून पुढे मी हे कोणाजवळ कबूल करणार नाही, तुझ्याजवळ केलं.

काल डॉक्टरकडे गेलो. तरुण माणूस, मला ‘आजी’ म्हणाला, तिथेच माझं डोकं फिरलं. आजची तारीख विचारली, बरोबर सांगितली. घड्याळ काढायला लावलं, काढलं. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं तर मी म्हटलं, बाबा रे, मी जन्मभर हेच केलंय, अवघड काहीतरी विचार. दादा शेजारी बसून हसला, डॉक्टरही हसला. सगळं ठीक चाललं होतं.

मग त्याने विचारलं, घरी अजून कोण असतं? मी म्हटलं, आम्ही दोघंच. पण माझी भाची आहे, या माझ्या भावाची मुलगी, लांब राहते, मी तिला पत्रं लिहिते.

दादा माझ्याकडे वळला. इतक्या कणवेने त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग तो डॉक्टरला म्हणाला, “मला मुलगी नाही.”

मी म्हटलं, दादा, असं काय करतोस, ठमी. तुझी ठमी. तो तसाच बघत राहिला. त्या डोळ्यांत राग असता तर मी समजले असते, बापलेकीचं भांडण आहे, तोंडाला येईल ते बोलतोय. राग नव्हता, ठमे. तिथे काहीच नव्हतं.

डॉक्टर लिहायला लागला. लिहिता लिहिता सौम्यपणे विचारत होता. भाचीचं उत्तर येतं का? नाही. एकदाही नाही? नाही. फोन? तिचा नंबर नाही माझ्याकडे. शेवटची कधी भेटली? मी सांगितलं, तर त्याने मान हलवली. जितकं खरं सांगत होते तितकी मी वेडी दिसत होते. मी म्हटलं, फोटो आणून दाखवते. घरी आले तर बैठकीच्या भिंतीवर तुझ्या फोटोच्या जागी नुसता खिळा. कुठे गेला विचारलं तर दादा म्हणतो, तिथे कधी फोटो नव्हता. मी सगळे खण उपसले. नाही मिळाला.

तू म्हणशील, ऑफिसात सगळे मला ओळखतात, त्यांना विचार. डॉक्टर कशाला त्यांना विचारेल, त्याच्यासमोर सख्खा बाप बसलाय, ठणठणीत. आणि त्या दिवसापासून ऑफिसातलं कोणी माझा फोन घेत नाही. दुसऱ्या गटाची दुर्बीण जूनमध्ये तिकडे वळेल तेव्हा वळेल, तोवर मी इथे नसेन. पुढच्या वेळी डॉक्टर मला काही दिवस त्यांच्या दवाखान्यात ठेवून घ्यायचं म्हणतात. कागद तयार आहेत, सही दादा करणार. मी तिकडे गेले की तो या घरात एकटा, आणि शेगडीची बटणं त्याच्या खिशात. एवढंच डोळ्यांसमोर ठेव, बाकी मला विसरलीस तरी चालेल.

त्याच्याशी बोलू नकोस. माझ्याशीही नको बोलू. फक्त ये आणि डॉक्टरच्या खोलीत उभी राहा, त्याने तुला डोळ्यांनी बघू दे. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय, सोळा तारीख, सकाळी अकरा. येताना ओळखपत्र घेऊन ये, बापाचं नाव असलेलं.

आत्या